किशोरवयीन प्रेमकथांचे ॲनिमे: आपल्या मुलासाठी योग्य आहे का, हे पालकांनी कसे ठरवावे

गोव्यातल्या मराठी घरांत वाढणारी मुले घरी कोकणी बोलतात, मराठी वाचतात, शाळेत इंग्रजीतून शिकतात आणि ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका इंग्रजी सबटायटल्सच्या आधारे पाहतात. त्यामुळे आई किंवा वडील शेजारच्याच खुर्चीवर बसलेले असले, तरी मुलगा नेमके काय पाहतो आहे हे त्यांना कळतेच असे नाही. पडद्यावर शाळेच्या गणवेशातला एक मुलगा आणि एक मुलगी दिसतात, मागे चेरीचा बहर असतो, मंद संगीत चालू असते. एवढ्यावरून काही पालक ‘कार्टूनच तर आहे’ असे म्हणून निश्चिंत होतात, तर काही जण प्रेमाचा विषय दिसताच फोन काढून घेतात. दोघांनीही निर्णय घेतलेला असतो, पण मालिका कोणीच पाहिलेली नसते.

मालिकेत प्रेम आहे का, चुंबन आहे का, या प्रश्नांची उत्तरे मिळवून फारसा उपयोग होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादे चुंबन पूर्णपणे निरागस असू शकते आणि एकही चुंबन नसलेली मालिका मुलाच्या मनात फार चुकीची समजूत रुजवू शकते. कथेत कोणी ‘नाही’ म्हटले तर पुढे काय होते, आणि चित्रचौकट त्या मुलामुलींच्या शरीराकडे कशी पाहते, या दोन गोष्टी नीट तपासल्या तर बहुतेक मालिकांचा निर्णय पालकांना स्वतःच्या बळावर घेता येतो. ही तपासणी कशी करावी, ते पुढे क्रमाने सांगते.

पात्रांचे वय आणि प्रेक्षकांचे वय

जपानमध्ये चित्रमालिका सर्व वयांच्या प्रेक्षकांसाठी बनतात. त्यांतल्या पुष्कळशा मालिका दूरचित्रवाणीवर रात्री अकरानंतर, कित्येकदा मध्यरात्रीनंतर दाखवल्या जातात, आणि शाळकरी मुलांच्या प्रेमकथाही त्यांत मोठ्या संख्येने असतात. शाळेची वर्षे मागे टाकून नोकरीला लागलेला प्रौढ प्रेक्षक त्या आवडीने पाहतो. म्हणून सोळा वर्षांच्या मुलीची कथा ही सोळा वर्षांच्या मुलींसाठीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. तीच मालिका आपल्याकडे फोनवर पोहोचते तेव्हा प्रक्षेपणाची वेळ गळून जाते आणि दुपारी शाळेतून आलेले मूल ती जेवताना पाहू लागते.

शाळेच्या पायऱ्यांचाही घोटाळा होतो. आपल्याकडे हायस्कूल म्हटले की पाचवी ते दहावीचे वर्ग डोळ्यांसमोर येतात. जपानमध्ये माध्यमिक शाळा साधारण बारा ते पंधरा या वयाची आणि त्यानंतरची उच्च शाळा पंधरा ते अठरा या वयाची असते, आणि बहुतेक प्रेमकथा याच दुसऱ्या टप्प्यात घडतात. सहावीतल्या मुलाला ती आपल्याच शाळेतली मुले वाटतात; प्रत्यक्षात ती आपल्या दहावी ते बारावीच्या वयाची असतात आणि त्यांचे प्रश्नही त्याच वयाचे असतात.

लेबल काय सांगते आणि काय सांगत नाही

भारतात 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी मंचांना प्रत्येक मालिकेचे वर्गीकरण करून ते प्रेक्षकाला दिसेल असे मांडावे लागते. सर्वांसाठी यू, त्यानंतर यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि केवळ प्रौढांसाठी ए, असे हे पाच वर्ग आहेत. यू/ए 13+ आणि त्यावरच्या वर्गांसाठी पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय देणे मंचावर बंधनकारक आहे. चित्रपटगृहांतल्या चित्रपटांसाठीही 2023 च्या दुरुस्ती कायद्याने अशाच वयोगटांची तरतूद केली. मात्र चित्रपटाला प्रमाणपत्र सेन्सॉर मंडळ देते, तर ओटीटीवरील मालिकेचा वर्ग तो मंच स्वतःच ठरवतो. हा फरक पालकांनी ध्यानात ठेवावा.

वर्गाच्या आकड्याशेजारी भाषा, हिंसा, लैंगिक आशय, आत्महत्येचा उल्लेख अशा स्वरूपाचे दोन-चार शब्द दिलेले असतात. माझ्या मते आकड्यापेक्षा हे शब्द अधिक कामाचे आहेत. यू/ए 16+ हा शिक्का एका मालिकेला शिव्यांमुळे मिळालेला असतो आणि दुसरीला शारीरिक संबंधांच्या चित्रणामुळे. चौदा वर्षांच्या मुलासाठी या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

शोनेन आणि शोजो हे शब्द मुलांच्या तोंडी असतात आणि पालकांना ते वयाचे दाखले वाटतात. तसे ते नाहीत. मालिका ज्या छापील चित्रकथेवर बेतलेली असते, ती कोणत्या वाचकवर्गाच्या मासिकात किंवा साप्ताहिकात आली, एवढेच ते सांगतात: शोनेन म्हणजे किशोर मुलांसाठीचे, शोजो म्हणजे किशोर मुलींसाठीचे, सेइनेन म्हणजे तरुण पुरुषांसाठीचे आणि जोसेइ म्हणजे तरुण स्त्रियांसाठीचे नियतकालिक. शोनेन प्रेमकथांत मुलींच्या शरीराचे सवंग दर्शन येण्याची शक्यता अधिक असते. शोजो कथांत असे दर्शन सहसा कमी असते, पण दांडगाई करणाऱ्या मुलाला प्रेमवीर ठरवण्याची खोड तिथे आढळते. मायॲनिमेलिस्ट या संकेतस्थळावर प्रत्येक मालिकेच्या पानावर वयाची स्वतंत्र श्रेणी दिलेली असते, आणि चित्रपट-मालिकांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळावरच्या पालक-मार्गदर्शिकेत प्रेक्षकांनी आक्षेपार्ह दृश्यांच्या नोंदी केलेल्या असतात. या नोंदी लिहिणाऱ्यांच्या आवडीनिवडी त्यांत उतरतात, म्हणून त्या दिशादर्शक मानाव्यात आणि निर्णय स्वतः पाहून घ्यावा.

कोणते भाग पाहावेत

संपूर्ण मालिका पाहण्याइतका वेळ नोकरी करणाऱ्या पालकांकडे नसतो, हे खरे आहे. एका हंगामात सामान्यतः बारा किंवा तेरा भाग असतात आणि एक भाग सुमारे चोवीस मिनिटांचा असतो; त्यातली तीन मिनिटे आरंभीच्या आणि अखेरच्या गीतात जातात. म्हणजे बारा भागांचा हंगाम जेमतेम सव्वाचार तासांचा होतो. तेवढेही जमत नसेल तर चार भाग निवडावेत. पहिला भाग पाहावाच, पण तो प्रेक्षकाला सोबत घेण्यासाठी रचलेला असतो, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबू नये. त्यानंतर भागांची शीर्षके आणि सारांश वाचून समुद्रकिनारा, पोहण्याचा तलाव किंवा गरम पाण्याचे झरे असलेला भाग शोधावा. ज्या मालिकेला शरीरप्रदर्शन करायचे असते ती इथे हमखास करते, आणि जिला करायचे नसते ती याच ठिकाणी आपली सभ्यता दाखवून देते. तिसरा भाग म्हणून वादळामुळे किंवा गाडी चुकल्यामुळे दोघांना एका छताखाली रात्र काढावी लागते तो, किंवा सहलीच्या मुक्कामाचा भाग घ्यावा. चौथा भाग हंगामातला शेवटचा असावा, कारण कथेने कोणत्या वागणुकीला बक्षीस दिले हे तिथेच कळते.

मूल ज्या भाषेत पाहते त्याच भाषेत पालकांनी पाहावे. हिंदी किंवा इंग्रजी डबिंगमध्ये एखादा विनोद सौम्य झालेला असतो आणि सबटायटल्समध्ये तोच उघडावाघडा येतो; याउलटही घडते.

‘नाही’ म्हटल्यावर काय होते

आता मुख्य गोष्ट. या प्रकारच्या कथांत काही प्रसंग पुन्हापुन्हा येतात. मुलगा मुलीला भिंतीशी गाठतो आणि तिच्या डोक्याशेजारी हात आपटून तिची वाट अडवतो. धडपडून एकजण दुसऱ्याच्या अंगावर पडतो आणि हात नको तिथे जातो. झोपलेल्या किंवा आजारी व्यक्तीचे गुपचूप चुंबन घेतले जाते. मुले स्नानगृहाच्या कुंपणावरून मुलींच्या बाजूला डोकावतात आणि तो विनोद म्हणून दाखवला जातो. रागावलेली मुलगी मुलाला थोबाडीत मारते, लाथ घालते, आणि तेही हसण्यावारी नेले जाते.

असा प्रसंग आला म्हणून मालिका लगेच बंद करण्याचे कारण नाही. प्रसंगानंतरची दोन मिनिटे पाहावीत. जिच्यावर हे घडले तिचा चेहरा आपल्याला दाखवला जातो का? ती घाबरली असेल तर कथा त्या भीतीची दखल घेते की तिच्या गालांवर लाली चढवून मोकळी होते? ज्याने केले तो क्षमा मागतो का, आणि त्यानंतर त्याचे वागणे बदलते का? मैत्रिणी तिची बाजू घेतात की ‘तुझे नशीब थोर’ असे म्हणतात? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की कथेची नियत कळते. स्पष्ट नकार दिल्यावरही पाठलाग चालू राहतो, भेटवस्तू येत राहतात आणि शेवटच्या भागात नायिका त्या चिकाटीपुढे विरघळते, अशी कथा तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ‘नाही म्हणजे अजून थोडे प्रयत्न कर’ असा धडा देते. आपल्या हिंदी आणि मराठी चित्रपटांनीही हाच धडा कित्येक वर्षे गाण्यांतून दिलेला आहे, त्यामुळे याचा सगळा दोष जपानच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. उलट घरातल्या चर्चेत दोन्हींची उदाहरणे शेजारी ठेवली तर मुलांना मुद्दा लवकर पटतो.

संमतीच्या जोडीला अधिकाराचा प्रश्न येतो. शिक्षक आणि विद्यार्थिनी, शिकवणी घ्यायला येणारा तरुण आणि शाळकरी मुलगी, एकाच घरात नव्याने राहू लागलेली सावत्र भावंडे, अशा नात्यांवर बेतलेल्या प्रेमकथा या प्रकारात कमी नाहीत. 2017 मध्ये आलेली ‘स्कम्स विश’ ही बारा भागांची मालिका याचे उदाहरण आहे. तिची चित्रे अतिशय नाजूक आणि फिकट रंगांत रंगवलेली आहेत, पोस्टर पाहून ती हळुवार शालेय प्रेमकथा वाटते. प्रत्यक्षात तिच्यातला मुलगा आणि मुलगी दोघेही शिक्षकांच्या प्रेमात असतात आणि ती उणीव भरून काढण्यासाठी एकमेकांच्या शरीराचा आधार घेतात. प्रौढ प्रेक्षकासाठी ती गंभीर कलाकृती ठरू शकते. शाळकरी मुलाच्या हाती मात्र ती देऊ नये. भारतात 2012 च्या पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि शिक्षकाने विद्यार्थ्याशी लैंगिक वर्तन करणे हा गंभीर गुन्हा आहे. गोव्यात त्याच्याही आधीपासून, 2003 पासून, बालकांसाठी स्वतंत्र राज्य कायदा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे, कारण पडद्यावरची कथा त्यांना ते सांगणार नाही.

चौकट कुठे पाहते

पोहण्याच्या पोशाखातली माणसे गोव्यातल्या मुलांना नवीन नाहीत. मिरामार, कोलवा किंवा हरमलच्या किनाऱ्यावर ती लहानपणापासून पाहत आलेली असतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. त्यामुळे बिकिनी दिसली म्हणून मालिका अयोग्य ठरवली तर मुलाला ते पटणार नाही, आणि त्याचे न पटणे योग्यच असेल. पाहायचे ते असे, की मुलगी काही महत्त्वाचे बोलत असताना चित्र तिच्या चेहऱ्यावर राहते की छातीवर आणि मांड्यांवर उतरते. यासाठी एक साधी परीक्षा आहे: शंकास्पद दृश्याचा आवाज एक मिनिट पूर्ण बंद करावा आणि प्रत्येक चौकटीत मध्यभागी काय आहे एवढेच पाहावे. संवाद आणि संगीत बाजूला झाले की चित्रकाराने प्रेक्षकाला कुठे पाहायला लावले आहे, हे लपून राहत नाही. पात्र शाळकरी असताना असे चित्रण होत असेल, तर मूल कितीही मोठे असले तरी मी त्या मालिकेला घरात जागा देणार नाही.

याउलट काही गोष्टी आपल्याला खटकतात, पण त्या निर्मळ असतात. जपानमध्ये एकत्र स्नानाची जुनी परंपरा आहे आणि लहान मुलाने आईवडिलांबरोबर टबात बसणे हा कुटुंबातला साधा प्रसंग असतो. मुले एकटीच फ्लॅटमध्ये राहतात आणि पालक दूरगावी असतात, ही लेखकांनी कथेच्या सोयीसाठी वापरलेली रूढ युक्ती आहे. प्रेमाची रीतसर कबुली देणे, आडनावाऐवजी पहिल्या नावाने हाक मारू लागणे, 14 फेब्रुवारीला मुलीने चॉकलेट देणे आणि 14 मार्चला मुलाने त्याची परतफेड करणे, या टप्प्यांना तिथे इतके महत्त्व असते की त्यांवर अख्खे भाग खर्ची पडतात. ‘किमी नी तोदोके’ या मालिकेच्या पहिल्या हंगामाचे पंचवीस भाग संपतात, तरी नायक-नायिकेची परस्परांना कबुली देऊन झालेली नसते. मात्र वर्गात एकटी पडलेली एक मुलगी मैत्रिणी कशी जोडते, हे तोवर फार सुरेख सांगून झालेले असते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर ती निःसंकोच पाहता येईल. स्टुडिओ घिब्ली या जपानी चित्रपटसंस्थेचा 1995 चा ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ हा चित्रपटही असाच आहे. त्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीला आवडणारा मुलगा व्हायोलिन बनवण्याच्या कलेचा ध्यास घेतलेला असतो, आणि ते पाहून ती स्वतःची कथा लिहायला बसते. प्रेमामुळे मूल स्वतःच्या कामाकडे वळते की त्यापासून तुटते, हेही पाहण्याजोगे आहे.

दुःखाचे वजन

शरीरविषयक आशयाची चिंता करताना पालकांचे दुसऱ्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. किशोरवयीन प्रेमकथांत आजारपण, मृत्यू, घरातला छळ आणि आत्महत्या हे विषय वारंवार येतात. 2016 चा ‘अ सायलेंट व्हॉइस’ हा चित्रपट पोस्टरवरून शांत प्रेमकथा वाटतो. कर्णबधिर मुलीचा वर्गात झालेला छळ आणि छळ करणाऱ्या मुलाचा पुढचा पश्चात्ताप हा त्याचा गाभा आहे, आणि त्यात आत्महत्येचा विचार व प्रयत्न दोन्ही थेट दाखवलेले आहेत. ‘युअर लाय इन एप्रिल’ या बावीस भागांच्या मालिकेत पियानो शिकवणाऱ्या आईची मारहाण आणि एका मुलीचे गंभीर आजारपण आहे. दोन्ही उत्तम कलाकृती आहेत आणि दोन्ही मुलांनी कधीतरी पाहाव्यात असे मला वाटते. पण शाळेत चिडवले जाणाऱ्या, घरात नुकताच मृत्यू पाहिलेल्या किंवा काही दिवसांपासून गप्पगप्प असलेल्या मुलाने त्या एकट्याने, रात्री, फोनवर पाहू नयेत. पाहताना किंवा पाहिल्यावर मुलाने जगण्याचा कंटाळा आल्यासारखे काही म्हटले, तर ते मालिकेपुरते समजून सोडून देऊ नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 आणि बालकांसाठीच्या मदतवाहिनीचा 1098 हे क्रमांक विनामूल्य आहेत आणि दोन्हींवर पालकही बोलू शकतात.

घरातली व्यवस्था

ढोबळ मानाने सांगायचे तर दहा ते बारा वर्षांच्या मुलांनी मोठ्यांच्या सोबतीने पाहावे, तेरा ते पंधरा या वयात पालकांनी आधी निवडक भाग पाहून परवानगी द्यावी, आणि सोळा वर्षांनंतर परवानगीपेक्षा चर्चेवर भर द्यावा. आपले मूल या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे घरच्यांनाच ठाऊक असते.

नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलला वयोमर्यादा घालता येते, एखादी विशिष्ट मालिका नावानिशी रोखता येते आणि पालकांच्या प्रोफाइलला पिन लावता येतो. ही पिन लावण्याची पायरी बहुतेक घरांत राहून जाते आणि मग बाकीच्या सगळ्या मर्यादा निरर्थक होतात. चोरून चालवल्या जाणाऱ्या संकेतस्थळांबाबत मात्र कसलीही सवलत देऊ नये. तिथे मालिका निर्दोष असली तरी भोवतीच्या जाहिराती अश्लील असतात आणि एका चुकीच्या स्पर्शाने मूल भलत्याच ठिकाणी पोहोचते.

चवथीच्या सुट्टीत मूळ घरी सगळी भावंडे जमतात तेव्हा आठ वर्षांचा आणि सतरा वर्षांचा एकाच फोनभोवती बसलेले असतात. तिथे कोणती मालिका लागणार हे सर्वांत मोठे भावंड ठरवते. त्या मुलाला किंवा मुलीला आधीच बाजूला घेऊन, लहानांसमोर काय लावायचे याची जबाबदारी विश्वासाने सोपवावी. असा मान दिला की मोठी मुले तो सहसा पाळतात.

मुलाशी बोलताना ‘हे असले काय पाहतोस?’ अशा प्रश्नाने सुरुवात केली तर संवाद तिथेच संपतो. पात्रांविषयी विचारावे. तिच्या जागी तू असतास तर त्याला काय सांगितले असतेस? त्याने तिचा फोन तपासला ते तुला कसे वाटले? तुझ्या वर्गात कोणी असे वागले तर इतर मुले काय करतील? स्वतःविषयी एक अक्षर न बोलणारी मुले पात्रांविषयी मोकळेपणाने बोलतात आणि त्यातून त्यांच्या मनातले बरेच काही पालकांना उमजते. नकार द्यायचा असेल तर कारण सांगावे, तेही मालिकेतले दृश्य दाखवून किंवा त्याचे वर्णन करून, आणि त्याच वेळी पर्याय म्हणून दुसरी मालिका सुचवावी. मुलाने आधीच सगळे पाहून टाकलेले असेल तर शिक्षा करू नये. त्याला कोणता भाग विचित्र वाटला, एवढे विचारावे आणि ऐकून घ्यावे.

एकदा दिलेली परवानगी पुढच्या हंगामाला आपोआप लागू होत नाही, हेही आधीच ठरवून ठेवावे. पात्रे वर्षागणिक मोठी होतात, निर्मितीसंस्था किंवा दिग्दर्शक बदलतो, आणि पहिल्या हंगामात हात धरायला लाजणारी तीच दोघे तिसऱ्या हंगामात वेगळ्या वळणावर आलेली असतात. नवा हंगाम आला की त्याचा वर्ग आणि शेजारचे आशयदर्शक शब्द पुन्हा वाचावेत, त्यातले दोन भाग पुन्हा पाहावेत आणि निर्णय नव्याने घ्यावा.